इन्व्हर्टेड कॉमातला माड

इंग्रजी भाषेने आपल्या पिढ्यान् पिढ्यांना नाना परींनी छळले आहे. स्पेलिंगांनी छळले, उच्चारांनी छळले, 'अ' आणि 'द' या दोन टीचभर शब्दांनी तर भल्या भल्या पदवीधरांना रडवले. पण हे सारे छळ मी केव्हाच माफ करून बसलो आहे. स्पेलिंगे पाठ करता येतात; उच्चार चुकला तरी समोरचा आपल्याइतकाच मराठी असल्यामुळे खपून जातो. एका प्रकरणाशी मात्र माझे अजून पुरते जमलेले नाही. धड भांडण नाही आणि धड मैत्री नाही, अशा नात्याने ते गेली पन्नास-पंचावन्न वर्षे माझ्याबरोबर राहत आले आहे. ते म्हणजे डायरेक्ट आणि इनडायरेक्ट स्पीच. आमचे जुने मास्तर त्याला 'नॅरेशन' म्हणत. 'नॅरेशन बदला' असे त्यांनी फर्मावले, की निम्म्या वर्गाला शाळाच बदलावी असे वाटू लागे.

ज्यांचा या प्रकरणाशी संबंध सुटून बरीच वर्षे झाली असतील, त्यांच्यासाठी थोडी उजळणी करतो. समजा, एक गृहस्थ म्हणाले, 'आय ॲम इल टुडे.' त्यांचे हे वाक्य तुम्हांला तिसऱ्या कुणाला सांगायचे आहे. तसेच्या तसे दोन अवतरणचिन्हांत घालून सांगितलेत, तर ते डायरेक्ट. पण परीक्षक एवढ्यावर सोडीत नाही. तो अवतरणचिन्हे काढायला लावतो. आणि ती काढली, की त्या एवढ्याशा वाक्यात जी पळापळ सुरू होते! 'आय'चा 'ही' होतो, 'ॲम'चे 'वॉज' होते, 'टुडे'चा 'दॅट डे' होतो, आणि शेवटी हाती येते ते 'ही सेड दॅट ही वॉज इल दॅट डे'. म्हणजे तो बिचारा अजून अंथरुणावर कण्हतो आहे, आणि आपण त्याचे आजारपण भूतकाळात टाकून मोकळे! नुसते एवढेच वाक्य वाचणाऱ्याला गृहस्थ बरे झाले की वारले, याचा पत्ता लागू नये. याच न्यायाने 'हिअर'चे 'देअर', 'नाउ'चे 'देन', 'धिस'चे 'दॅट', आणि पुष्कळदा 'कम'चेसुद्धा 'गो'. जे जे म्हणून जवळचे असेल, ते ते उचलून लांब नेऊन ठेवायचे. सवलत काय ती त्रिकालाबाधित सत्यांना. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती कुणी म्हटले तरी वर्तमानकाळातच फिरत राहते. माणसाचा ताप, माणसाचे वचन, माणसाचे रडणे यांना ती सवलत नाही.

रडण्याचा प्रकार तर सर्वांत नामी. 'अलास! आय ॲम अनडन!' असे कुणी ओरडले, तर 'अलास' गाळायचे आणि त्याच्या जागी 'एक्स्क्लेम्ड विथ सॉरो' असे लिहायचे. 'हुर्रा' असेल तर 'विथ जॉय'. आमच्या वर्गातल्या एकाही पोराने जन्मात 'अलास' ऐकले नव्हते. आमच्याकडे कुणी गेले म्हणजे बायका ज्या सुरात, गेलेल्याशीच बोलत बोलत रडतात, तो सूर ज्याने एकदा ऐकला आहे, त्याला 'दुःखाने उद्गारली' हे शब्द पोलिसांच्या पंचनाम्यातले वाटतील.

आमच्याकडे म्हणजे मिठबावला. देवगड तालुक्यातले हे गाव; उत्तरेला कुणकेश्वर, दक्षिणेला आचरे, पश्चिमेला समुद्र आणि समुद्राच्या अगदी काठाशी टेकडीवर गजबादेवी. मी शाळेत होतो तेव्हा आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होतो. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. गावाची भाषा मालवणी, क्रमिक पुस्तकांची भाषा पुणेरी आणि मास्तरांच्या टेबलावरची भाषा रेन अँड मार्टिनची. 'मी येतंय' या वाक्याला 'आय ॲम कमिंग' होईपर्यंत अशा दोन खाड्या ओलांडाव्या लागत, आणि दोन्हींवर तेव्हा पूल नव्हते.

या रेनसाहेबांची एक हकीकत मला फार पुढे कळली आणि मोठी मौज वाटली. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हे मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात नोकरीला होते. ज्यांच्या नावाने आमच्या अंगावर काटा येई, त्यांनीच १९२४ साली 'ब्यू जेस्ट' नावाची कादंबरी लिहिली. फ्रेंचांची परदेशी पलटण, वाळवंटातला किल्ला, भावाभावांचे प्रेम, असा सगळा धुमधडाका. तिच्यावर पुढे चित्रपटही निघाले. म्हणजे हा माणूस स्वतः पात्रांच्या तोंडून मजेत बोलत होता, आणि आमच्याकडून मात्र 'ही रिप्लाइड दॅट ही हॅड नॉट डन इट' असली वाक्ये घोटून घेत होता! ज्याला डायरेक्टची गोडी ठाऊक, त्यानेच इनडायरेक्टचा काढा पाजावा, हे मला कधीच आवडले नाही.

अवतरणचिन्हे ही वस्तूदेखील आपल्याला साहेबाकडूनच मिळाली. आपल्या जुन्या पोथ्यांत आणि मोडी कागदांत कोण कुठे बोलायला लागला आणि कुठे गप्प झाला, हे दाखवायला चिन्ह नव्हते. ते वाचणाऱ्याने आपल्या आवाजाने दाखवायचे. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी विरामचिन्हांची व्यवस्था मराठीत आणली आणि ती रुळली. पण त्या उलट्या-सुलट्या स्वल्पविरामांना आपल्या माणसांनी जे नाव दिले, ते मला मूळच्या 'इन्व्हर्टेड कॉमा'पेक्षा शतपटींनी चांगले वाटते. अवतरण! म्हणजे वरून खाली उतरणे. ज्याचे शब्द, तो माणूस आपल्या तोंडात उतरतो. देव अवतार घेतो तसा. ज्या मुलखात दशावतारी नाटके रात्र रात्र चालतात, तिथल्या पोराला हा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

आणि मराठीच्या पेपरात? 'नॅरेशन बदला' असा प्रश्न मराठीच्या पेपरात मला कधी आला नाही. बदलण्यासारखे काही असते, तर येणार ना! 'तो म्हणाला, मी आज आजारी आहे.' 'तो म्हणाला की, मी आज आजारी आहे.' 'मी आज आजारी आहे, असे तो म्हणाला.' कसेही फिरवा, तो आपला आजच आजारी आहे आणि स्वतःच्या तोंडाने आजारी आहे. आमच्या मालवणीत तर मधला 'की'सुद्धा नको. 'येतंय म्हणान सांगल्यान.' आधी बोलणे, मग 'म्हणान', आणि त्याच्या मागून बोलणारा. संस्कृतातले 'इति' हेच काम करीत होते. बेळगावकडचा कानडी माणूस 'बर्तीनि अंत हेळिदा' म्हणतो, तिथे 'अंत' म्हणजे आपले 'म्हणून'च. साऱ्या मुलखाची खोडच ही दिसते, की दुसऱ्याचे बोलणे त्याच्या 'मी'सकट उचलावे आणि पोचते करावे. त्या 'मी'ला वाटेत 'तो' करण्याची आपल्याला छाती होत नाही.

अर्थात यात घोटाळा होत नाही असे नाही. 'मास्तर म्हणाले की, मी गाढव आहे.' या वाक्यातले गाढव कोण? आमच्या वर्गात या वाक्यावर पोरे अक्षरशः जगली आहेत. घरी जाऊन हे वाक्य काकुळतीने म्हणायचे, आणि मित्रांत डोळा मिचकावून. शब्द तेच, गाढव निराळे. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे 'ही वॉज' म्हणा नाहीतर 'आय वॉज' म्हणा, गाढवाचा सातबारा कुणाच्या तरी नावावर चढलाच पाहिजे. कोर्टकचेऱ्यांसाठी ती भाषा उत्तम, हे मी मान्य करतो. पण हल्ली मराठी बातम्यांतूनही 'तो म्हणाला की, तो येणार आहे' असली वाक्ये येऊ लागली आहेत. हा दुसरा 'तो' कोण, म्हणून मी चष्मा पुसून मागेपुढे शोधत राहतो. घोटाळा टाळायला आणलेली युक्ती मराठीत येऊन नवाच घोटाळा करते.

इनडायरेक्टमध्ये आणखी एक गोम आहे, आणि ती मास्तरांनी सांगितली तेव्हा मला जरा दचकायलाच झाले. 'ब्रिंग मी वॉटर' असे कुणी 'सेड', तर ते 'सेड' तसे ठेवून चालत नाही. तुम्ही ठरवायचे. बोलणारा धनी असेल तर 'ऑर्डर्ड', पाहुणा असेल तर 'रिक्वेस्टेड', मरणपंथाला लागलेला असेल तर 'बेग्ड'. पाणी मागणाऱ्याचा हुकूम होता की विनवणी, याचा निकाल आठवीतल्या पोराने अर्ध्या गुणासाठी द्यायचा! मराठीत 'पाणी आण म्हणाला' एवढे सांगितले की आपले काम संपले. कुठल्या सुरात म्हणाला ते आपल्या सुरावरून कळेल, नाहीतर ऐकणारा आपल्या मगदुराप्रमाणे समजेल.

हे सगळे वाचून कुणाला वाटेल, की मराठी माणूस म्हणजे सरळ, तोंडावर बोलणारा, त्याला इनडायरेक्ट कसे ते ठाऊकच नाही. तसे मात्र मुळीच नाही. व्याकरणात जे आपण केले नाही, ते संसारात केले. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण ज्या भाषेत जन्मली, तिला इनडायरेक्ट शिकवायला रेनसाहेब कशाला हवेत?

देवाशी बोलतानादेखील आमची हीच तऱ्हा. आमच्या भागात देवाला गाऱ्हाणे घालतात. ज्याची अडचण तो माणूस हात जोडून नुसता उभा असतो; बोलतो तो गावकर. हे तुझे लेकरू आहे, त्याच्या घरात असे असे झाले आहे, काही चुकलेमाकले असेल तर पदरात घे, असे सगळे तिसऱ्या पुरुषात सांगायचे आणि प्रत्येक टप्प्यावर मंडळींनी 'होय म्हाराजा!' म्हणून दुजोरा द्यायचा. देवाचे उत्तर बहुधा कौलातून यायचे. अंगाला लावलेला कळा उजवीकडचा पडला की होकार. पण एखाद्याच्या अंगात अवसर आला म्हणजे देव एकदम 'मी' म्हणून बोलू लागे, आणि समोरच्या म्हाताऱ्यालाही 'अरे' करी. तेव्हा कुणी 'देव म्हणाला की' असे मध्ये घालीत नसे. माणसाने देवाशी बोलायचे ते इनडायरेक्ट आणि देवाने माणसाशी डायरेक्ट, असा हा सरळ हिशेब होता.

आणि नवरा-बायको! त्या पिढीतल्या घराघरांतून, पोटच्या पोरांना मधल्या भिंतीसारखे उभे करून, संसाराची अर्धी वाटाघाट होत असे. नवरा ओटीवर, बायको माजघराच्या दाराशी, मध्ये चार हात अंतर. 'तेंका सांग, पाणी तापला.' पोराने तोंड उघडण्याच्या आत ओटीवरून उत्तर यायचे, 'तिका सांग, इतक्यात नको.' निरोप पोचलेला असायचा, उत्तर पोचलेले असायचे, आणि पोर मध्ये तोंड उघडे टाकून उभे! शहरातल्या ज्या घरांत 'अहो, ऐकलंत का?'पर्यंत मजल गेली होती, ती आमच्या हिशेबाने फारच पुढारलेली.

पण पोरगे मध्ये उभे आहे आणि नवरा ओटीवर नसून लालबागला आहे, अशी घरे आमच्या गावात त्या काळी थोडीथोडकी नव्हती. पुरुष मुंबईला गिरणीत, बायका गावात, आणि दोघांच्या मध्ये पोस्टाची पिशवी. मला इनडायरेक्ट स्पीचचा खरा धडा मिळाला तो त्या पिशवीपाशी.

आमच्या शेजारच्या काकींना अक्षरओळख नव्हती. मी आठवीत गेलो आणि इंग्रजी वाक्ये फिरवू लागलो, म्हणजे आपोआपच पत्र लिहिण्याच्या लायकीचा झालो. पंधरवड्यातून एकदा त्या तिन्हीसांजेच्या आधी परड्यातून आमच्या ओटीवर येत, कमरेचे आंतरदेशीय पत्र काढून माझ्यापुढे ठेवीत आणि खांबाला टेकून बसत. 'तेंका लिव,' अशी सुरुवात. नाव घ्यायचे नसे, आणि 'तेंका' म्हणजे कुणाला हे विचारायचे नसे.

'तेंका लिव, पावस लागलो. नळे परतूक गडी गावना नाय. पाडी मोठी झाली. पैशे बेगीन धाडा म्हणान लिव.'

आणि मी लिही: 'वि. वि. येथील सर्व मंडळी खुशाल असून आपली खुशाली कळवीत जावी. इकडे पर्जन्यास प्रारंभ झाला आहे. घर शाकारण्यास गडीमाणूस मिळत नाही. तरी पैसे सत्वर पाठविण्याची तजवीज करावी. कळावे, लोभ असावा ही विनंती.'

पत्राची भाषा अशीच असते, याबद्दल सबंध पंचक्रोशीत दुमत नव्हते. खुद्द काकींचेही नव्हते. मी वाचून दाखवू लागलो, की त्या डोळे मिटून ऐकत, 'तजवीज'पाशी मान डोलावीत आणि आपल्या तोंडून एवढे शुद्ध काही निघाले याचा त्यांना मनोमन अभिमान वाटे. एकच वाक्य असे होते, की ते दर वेळी सांगितले जाई आणि पत्रात कधी जात नसे. 'माका बरां नाय म्हणान लिवू नको हां.' चार चार दिवस ताप अंगावर काढलेली बाई हे मला बजावी. या वाक्याचे नॅरेशन कसे बदलावे ते कुठल्याही व्याकरणात नाही. मी ते ऐके, आणि 'सर्व खुशाल'च्या पोटात ते गडप होई.

तिकडची तऱ्हाही अशीच. काकींचे यजमान सही करण्यापुरते लिहिणारे. आमच्या बाजूची दहा-बारा माणसे एका खोलीत पाळीपाळीने राहत. त्यांतले एक लिहिते-वाचते गृहस्थ सगळ्यांची पत्रे वाचीत आणि सगळ्यांची उत्तरे लिहीत. त्यामुळे खरे म्हणजे पत्रव्यवहार चालला होता तो माझा आणि त्या गृहस्थांचा. मी 'सत्वर' लिहावे, त्यांनी 'अविलंब' लिहावे. मी 'पर्जन्य' म्हणावे, त्यांनी 'गिरणीत तूर्त काम जास्ती असल्याकारणाने' म्हणावे. दोन अपरिचित माणसे एकमेकांना आपली भाषा दाखवीत होती, आणि ज्यांचा संसार ती नवरा-बायको आपापल्या खांबाला टेकून ऐकत होती.

असे वर्ष-दीड वर्ष गेल्यावर एका पत्राच्या तळाशी माझ्यासाठी दोन ओळी आल्या. 'पत्रलेखक चिरंजीवास आशीर्वाद. ह्यांचे सांगणे असे आहे की, पत्र पोचते, पण तिचे बोलणे पोचत नाही. तरी ती जे बोलेल ते तसेच्या तसे लिहीत जावे.'

डायरेक्टची मागणी, आणि तीसुद्धा इनडायरेक्टमधून! मी ते काकींना वाचून दाखवले. मला वाटले होते, त्या खूश होतील. त्यांनी पदर तोंडाला लावला, खूप वेळ हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. 'शी! माजां बोलणां थंय धा माणसांत वाचतले?' असे काहीसे पुटपुटल्या. त्यांचे म्हणणे माझ्या तेव्हा लक्षात आले नाही, आता येते. 'वि. वि.' आणि 'तजवीज' हा त्यांचा पदर होता. त्याच्याआडून त्या दहा माणसांच्या खोलीत बिनघोर जाऊ शकत होत्या. तो काढून, आपल्या आवाजात, परक्या पुरुषाच्या तोंडून त्या खोलीत बोलायचे म्हणजे सोपी गोष्ट नव्हती. इनडायरेक्ट स्पीचला मी एवढी नावे ठेवली, पण माणसाची लाज झाकायला तिच्याइतके चांगले वस्त्र नाही, हेही सांगितलेच पाहिजे.

त्या दिवशी काकींनी पत्र अर्धे ठेवले. चार दिवसांनी परत आल्या. 'सगळां नेहमीसारख्यां लिव,' म्हणाल्या, 'आणि शेवटाक एक वळ माजी लिव.' आणि दुसरीकडे बघत त्यांनी ती ओळ सांगितली:

'तुमी लावलेल्या माडाक पोय इली.'

मी नेहमीसारखे 'कळावे, लोभ असावा' केले. खाली दोन अवतरणचिन्हे काढली. शाळेत शेकड्यांनी काढली होती. पण त्यांच्या आत खरोखरीचे जिवंत माणूस बसवण्याची ही माझी पहिलीच वेळ. आत ती ओळ लिहिली. मला तीत काही विशेष दिसले नाही. मिठबावात माड काय थोडे आहेत? एकाला पोय आली, तर ते कळवायला आंतरदेशीय पत्र कशाला? पण तो माड लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, मुंबईची वाट धरण्याआधी, काकींच्या यजमानांनी स्वतःच्या हाताने खड्डा खणून लावला होता, आणि तेवढी वर्षे त्याला पाणी घालणारी माणसे दोन नव्हती, एकच होते. 'तेंका लिव' म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी त्या दिवशी प्रथमच 'तुमी' आले होते, हे तर मला कितीतरी वर्षांनी ध्यानात आले.

चौदा वर्षांच्या पोराची खुमखुमी म्हणून मी त्याच रात्री ते वाक्य इंग्रजीत फिरवून पाहिले. 'शी टोल्ड हिम दॅट द पाम ही हॅड प्लँटेड हॅड फ्लॉवर्ड.' व्याकरणदृष्ट्या बिनचूक. 'तुमी' गेले, नुकतीच 'इली' ती पोय पूर्णभूतकाळात गेली, आणि दोन 'हॅड'च्या मध्ये तो माड कसाबसा उभा राहिला. मास्तरांना दाखवले असते, तर त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

पत्राचे उत्तर पत्राने आले नाही. मनिऑर्डर आली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगायला हवे, की मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक चिटोरा असे. त्यावर चार शब्द लिहिता येत, आणि पैसे देताना पोस्टमन तो फाडून हातात ठेवी. आमचा पोस्टमन खाकी कोटातला, गंभीर मुद्रेचा. त्याने काकींचा अंगठा घेतला, नोटा दोनदा मोजल्या आणि वाचता येत नाही हे माहीत असल्यामुळे रिवाजाप्रमाणे चिटोरा मोठ्याने वाचला:

'मी येतंय.'

मजकूर इतकाच. तिकडच्या गृहस्थांनीही या खेपेला 'अविलंब' गाळले होते. पण पोस्टमनच्या तोंडून ते दोन शब्द निघाले मात्र, काकींनी झटकन डोकीवरून पदर ओढला आणि त्या दाराआड झाल्या. पोस्टमन कानापर्यंत लाल. हातातला चिटोरा पुढे करीत तो बापडा काकुळतीने म्हणाला, 'वयनी, ह्यां मी नाय, ते म्हणतत!'

मेजर कँडींची चिन्हे तोंडी वाचनात दिसत नाहीत, त्याचा हा परिणाम.

यजमान चतुर्थीला आले, आठ दिवस राहिले, माडाखाली उभे राहून वर बघून गेले. पुढची पत्रेही मीच लिहिली. त्यांच्या शेवटी दोन चिन्हांत एक ओळ असायची. कधी विहिरीच्या पाण्याची, कधी पाडीची. एकदा, वर्षभराने, नुसते एवढेच, की माडाचा पहिला नारळ गजबादेवीला ठेवला. 'माका बरां नाय म्हणान लिवू नको' हे मात्र त्या अखेरपर्यंत सांगत राहिल्या, आणि ते चिन्हांच्या आतही गेले नाही आणि बाहेरही नाही.

पुढे मी शिकायला गावाबाहेर पडलो आणि लेखणी दुसऱ्या कुणा आठवीतल्या पोराच्या हाती गेली. पोस्टाची ती पिशवीही आता तशी राहिली नाही. तार २०१३ साली बंद झाली. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून तिथे 'सेड दॅट'ची चैन कुणालाच परवडत नव्हती. 'मदर सीरियस, स्टार्ट' एवढ्यावर माणसे रात्रीची एसटी धरीत. १८८० साली सुरू झालेली मनिऑर्डर तिच्या जुन्या रूपात २०१५ साली थांबली. आता गावातल्या सुना खिशातल्या फोनवर स्वतःचाच आवाज भरून पाठवतात. मध्ये ना पोरगे, ना पोस्टमन, ना अवतरणचिन्हे. शाळेत इंग्रजी पहिलीपासून आहे. नॅरेशन मात्र अजून बदलतातच. माझी नात परवाच 'टुडे'चा 'दॅट डे' करताना रडकुंडीला आली होती.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. काकींचे यजमान त्यांतलेच. वर्षभर त्यांनी वाट पाहिली आणि मग ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. वीस-बावीस वर्षांचा संसार आंतरदेशीय पत्रांवर केलेली ती दोन माणसे पहिल्यांदाच बारा महिने एका छपराखाली राहू लागली.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी गावी गेलो, तेव्हा त्यांच्याकडे भेटायला गेलो. ते ओटीवर सुंभ वळीत बसले होते. काकी माजघराच्या दाराशी. मी मध्ये, पाटावर. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. गिरणीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. परड्यात कुणीतरी हाक मारली, तशी काकींनी मागच्या दारातून डोकावून पाहिले आणि मला म्हणाल्या,

'तेंका सांग, नारळ पाडूक गडी इलो हा.'

मी त्यांच्याकडे वळलो. ते उठून कोयता शोधू लागले होते.

'तिका सांग,' ते मला म्हणाले, 'ऐकलंय.'